मेलेल्यानं सावलीत बसू नये

कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली, टण टण, आणि नांदुऱ्याच्या स्टँडवर खच्चून भरलेल्या गाडीत शालिग्राम ओरडला, "थांबा!"

ओरडणं असं, की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, उभी माणसं बसलेल्यांच्या मांडीवर आली आणि मागच्या बाकावरच्या एका म्हातारीच्या टोपलीतली बोरं गाडीभर पसरली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "काऊन काका, काकू खाली राह्यल्या काय?" "नाही." "मंग बकरी?" गाडी हसली. "काका, एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. सरकारनं ठरवून देल्लं हाय. तुमच्या घरी उलटं चालत असन तर घरी चालू द्या." "चुकलं," शालिग्राम म्हणाला, आणि वर उचललेला उजवा हात हळूच मांडीवरच्या पिशवीखाली घातला. बोरं वेचता वेचता म्हातारीची नजर त्या हातावर गेली. अंगठा, पहिलं बोट, मग नुसती जागा, मग करंगळी. तिचं हसू तिथंच राहिलं. कंडक्टरनं पुन्हा दोनदा दोरी ओढली, या वेळी मुद्दाम जोरात, आणि गाडी निघाली.

उलटंच चालत होतं. घरी नव्हे, जिनात. कापसाच्या त्या जिनात इंजन एका खोलीत आणि कापसातून सरकी काढणारे रेचे दुसऱ्या शेडमध्ये, मध्ये हातभर जाड भिंत. इंजनघरातल्या फिटरला शेडमधलं काही दिसत नसे. म्हणून कुण्या जुन्या मिस्तरीनं रीत घालून दिली होती, की शेडमधल्या माणसानं भिंतीतून आरपार गेलेल्या लोखंडी दांड्यावर सळईनं टोले द्यायचे. तीन टोले म्हणजे सगळे बाजूला आहेत, पट्टा टाक, रेचे फिरू दे. दोन टोले म्हणजे हात आत आहे, थांब. लहान पोराला कळेल अशी रीत. चार वर्षांपूर्वीच्या हंगामात शालिग्रामचा उजवा हात रेच्याच्या रुळांमध्ये होता, अडकलेली सरकी काढत होता, आणि डाव्या हातानं त्यानं दोन टोले दिले होते. तरी पट्टा पडला. दुखलं नाही, हेच त्याला पुढं कितीदा आठवायचं. नुसता हात ओढला गेल्यासारखा झाला, जत्रेत लेकरू आपल्या माणसाचा हात ओढतं तसा. मागाहून शेडमधली माणसं ती बोटं शोधत राहिली आणि सापडली नाहीत. तो कापूस पुढच्या गाठीत गेला, गाठ रेल्वेनं गेली. कुठल्या तरी शहरात कुणी तरी आपल्या बोटांचं धोतर नेसून लग्नात मिरवत असेल, असं शालिग्राम पहिली दोन वर्षं हसून सांगायचा. मग सांगेनासा झाला.

इंजनघरात त्या दिवशी महादेवराव होता. एका डब्यात जेवणारा, एका बिडीचे दोन झुरके करणारा महादेवराव. शेठनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मले तीन ऐकू आले." शालिग्राम म्हणाला, दोनच दिले होते. तिसरा टोला कुणी दिला, हे काही ठरलं नाही. शालिग्रामला फाटकावर बसवलं, महादेवराव इंजनघरात राहिला, आणि दोघांच्या मध्ये ती हातभर जाड भिंत आली. अबोला. एकाच गावातला, एकाच कारखान्यातला, रोज चार वेळा समोरासमोर येणारा अबोला. असा अबोला पाळायला भांडणापेक्षा जास्त मेहनत लागते.

पिशवीत संत्री होती. बायकोनं, कोकिळानं, घालून दिली होती. "आठ महिने झाले," ती म्हणाली होती, "तो माणूस आपल्या गावी संग्रामपूरले बाजेवर पडून हाय. त्याची बायको सोजराबाई एकटी त्याले उचलते, धुते, खाऊ घालते. बिमार माणसाशी कोणता अबोला हो? लोक मले विचारतात. मी काय सांगू, माह्या नवऱ्याले संग्रामपूरचा रस्ता सापडत नाही म्हणून?" शालिग्रामनं पिशवी घेतली होती. त्याचा बेतही ठरला होता. संग्रामपूरला उतरायचं, बाजाराच्या ओट्यावर बसायचं, संत्री सोलून स्वतःच खायची, दुपारच्या गाडीनं परत यायचं, आणि सांगायचं, बरा हाय, आठवण काढत होता. साला कुठं चौकशी करायला येतो कुणी. बेत पक्का होता. कंडक्टरनं दोनदा दोरी ओढेपर्यंत पक्का होता.

कारण आठ महिने शालिग्रामनं स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, आणि सांगून सांगून ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. महादेवराव इंजनघरात पडला त्या दुपारी वाऱ्यानं पत्रा वाजत होता. बस. वैशाखात पत्रा वाजतोच. पण आता गाडी गावाबाहेर पडून पूर्णेच्या पुलाकडे लागली होती, खिडकीची काच खडखडत होती, वेडीवाकडी, कधी चार वेळा, कधी सतरा वेळा, मध्येच गप्प. आणि त्या खडखडीकडे कान देता देता तो ती मोजू लागला, आणि मोजणी काही जमेना. वाऱ्यानं वाजणारी वस्तू अशी वाजते. मोजून वाजत नाही.

पुलाखाली पूर्णा हिवाळ्यातली होती, बारीक, खाऱ्या काठांची. उकंडराव म्हणायचा, या नदीचं पाणी खारं का, तर गारगडच्या राणीनं हिच्यात बसून सात वर्षं रडून काढली. कुठला गारगड आणि कुठली राणी! म्हातारा उकंडराव जिनाचा जुना गाडीवान, आता नुसता बसून खाणारा, आणि खोटं बोलण्यात असा वाकबगार, की त्यानं खरी वेळ सांगितली तरी माणसं सूर्याकडे पाहून खात्री करत. हंगाम संपला की जिन बंद. कायमची पाच-सात माणसं तेवढी रुळांना चामडं चढवायला, पट्टे शिवायला, राखणीला उरत. दुपारी दोन तास कडुनिंबाखाली काही काम नसे. मुंबईला नवं राज्य होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा उकंडराव एके दिवशी म्हणाला, "तथी नवं राज्य होते, मंग नांदुऱ्यात काऊन होऊ नये बे?" आणि त्यानं तिथल्या तिथं धुळीत काडीनं रेघा ओढून सातपुड्याच्या पोटात गारगड वसवला.

खेळ असा, की उकंडराव सांगणार आणि बाकीचे त्या सांगण्याच्या आत राहणार. प्रत्येकाला एक सोंग. तोंडाला रंग नाही, अंगावर कपडे नाहीत, नुसतं नाव आणि स्वभाव. यंत्रांना तेल घालणारा शेषराव हा दीड हात उंचीचा जादूगार होता आणि त्याचा मंत्र शिंक आल्याशिवाय चालत नसे. "तुमच्यापुढं कांद्याच्या सालीचा दरवाजा हाय," उकंडराव म्हणायचा, "हात लावला की फौजेच्या डोयाले पाणी. बोल, काय करतं?" मग ज्याची पाळी त्यानं काय करणार ते बोलायचं आणि सहा कवड्या टाकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं. मोठी बापय माणसं, घरी लेकीबाळी असलेली, साळिंदरावर बसून लढाया करत आणि तंबाखू मळत. शालिग्राम होता गारगडचा सेनापती बिजलीराव. बिजलीरावाला दहाही बोटं होती. दोन्ही हातांत दोन तलवारी घेऊन तो लढायचा, आणि उन्हाळ्याचे ते दोन महिने शालिग्राम बाकीच्या दहा महिन्यांत जगायचा नाही इतका जगून घ्यायचा.

अबोला पडल्यावर उकंडरावानं महादेवरावाला शत्रूच्या फौजेत टाकला. "एका फौजेत दोन मुके नको," म्हणाला. महादेवराव झाला काजळकोटचा सरदार तिमाजी. आणि मग एक गंमतच झाली. जिनाच्या फाटकावर एकमेकांकडे न बघणारी ही दोन माणसं निंबाखाली बसली की बोलायला लागली. "काय बिजलीराव, घोड्याले खरूज झाली म्हणते?" "तिमाजी, तुह्या राजाच्या मिशा माह्या बायकोनं वाकळीत भरल्या." शिव्या, टोमणे, लढाईचे निरोप, सगळं सोंगाच्या नावानं. खेळ मोडला की पुन्हा भिंत. चार उन्हाळे असे गेले. आता गाडीत बसल्याबसल्या शालिग्रामला वाटलं, की त्या चार वर्षांत आपण कोकिळाशीसुद्धा इतकं बोललो नाही.

गेल्या वैशाखात काजळकोटचा एक बुटका शरण आला. तो उकंडरावच बोलायचा, नाकात. बुटक्यानं दातात गवताची काडी धरली होती, जुनी रीत. निंबाखाली तेव्हा जो वाद झाला तो दोन दिवस पुरला. शेषराव म्हणाला, "दातात गवत धरलं म्हणजे तो गाय झाला. मी तुमची गाय, असं म्हणते तो. गायीले मारतं का कोणी?" कुणी म्हणालं, हत्यार घेऊन सोडून द्या. मग महादेवराव, शत्रूच्याच फौजेतला असून, हसत म्हणाला, "सोडला तर तो उद्या दुसरं हत्यार घेऊन येईन. आमच्याकडं ढीगभर हत्यारं हायत." तर मग बांधून सोबत न्या. "बांधून नेला त त्याले खाऊ कोण घालन? मारलं त पाप, सोडलं त घोर, अन् ठेवलं त रोज दोन टाइम त्याले भाकर द्या. तिसरं सगळ्यात अवघड हाय, गड्या," उकंडराव म्हणाला. बिजलीरावानं शेवटी बुटक्याला सोडला. तिसऱ्या दिवशी बुटक्यानं गारगडच्या विहिरीत जहर टाकलं आणि तीनशे माणसं मेली. माणसं कसली, उकंडरावाच्या तोंडातले तीन शब्द! पण शालिग्रामला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि पुढं पंधरा दिवस जिनात जो तो त्याला हाक मारायचा, "काय दयाळू सेनापती, विहिरीचं पाणी गोड हाय काय?" महादेवराव तेवढा हसला नव्हता. हे शालिग्रामला आज आठवलं. तेव्हा दिसलं होतं आणि ठेवून दिलं होतं.

आणि मग तो दिवस. आता गाडी कपाशीच्या वेचून झालेल्या शेतांमधून चालली होती, पण शालिग्रामच्या अंगाला वैशाख लागत होता. लढाई संपत आली होती. काजळकोट पडला होता, तिमाजी एकटा उरला होता. महादेवरावाची पाळी आली. तो लढणार, पळणार, की विष खाणार, असं उकंडरावानं विचारलं. निंबाच्या पाराच्या दगडात एक वाळकी काडी उगवून मेलेली होती, ती महादेवरावानं उपटली. खरीखुरी काडी. खेळात कुणी कधी खरी वस्तू हातात घेत नसे. ती त्यानं दातात धरली, जाग्यावरून उठला, चार पावलं चालला आणि शालिग्रामपुढं गुडघे टेकून बसला. काडी दातात असल्यामुळं शब्द जरा फसफसत आले. "बिजलीराव, तिमाजी शरण आला. तिमाजी खोटा बोलला होता. टोले दोनच होते. त्यानं मोजले होते. शेठ मागं उभा होता, काऊन वेळ लावतं म्हणून वरडत होता. तिमाजीनं पट्टा टाकला. अन् मंग विचारलं तवा भेला." एवढंच. नावं खेळातली आणि बाकी सगळं जिनातलं.

शेषरावाच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. शालिग्रामनं नंतर स्वतःला सांगून पाहिलं, की मला वाटलं तिमाजीचा डाव आहे, बुटक्यासारखा. शरण आलेल्यावर मी एकदा भरवसा ठेवून तीनशे माणसं घालवली होती. सेनापतीला मन राखून चालत नाही. हे सगळं खरं होतं, गारगडात खरं होतं. पण तेव्हा त्याची नसलेली दोन बोटं आगीत धरल्यासारखी जळत होती, आणि समोर महादेवरावाच्या टाळूवरचे पांढरे केस त्याला एक एक दिसत होते. उकंडराव हळूच म्हणाला, आणि त्या वेळी त्याचा आवाज सांगणाऱ्याचा नव्हता, नुसत्या म्हाताऱ्याचा होता, "शालिग्राम, जाब कोण देते? तू, का बिजलीराव?" दार उघडं होतं. एक पाऊल टाकलं असतं तर तो बाहेर आला असता, महादेवरावाच्या दातातली काडी काढली असती, शिवी दिली असती, मुस्काटात मारली असती, काहीही. "बिजलीराव," तो म्हणाला. "मंग काय हुकूम?" "मान उडवा." "कवड्या टाक." त्यानं त्या तीन बोटांनी कवड्या टाकल्या. पाच उताण्या पडल्या. पाच! शेषराव एकटाच हसला, उचकी लागल्यासारखा, आणि थांबला.

उकंडरावाच्या खेळात एक नेम होता. जो मेला तो त्या उन्हाळ्यापुरता मेला. त्यानं निंबाखाली बसायचं नाही आणि खेळ चालू असताना कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. मेलेल्यानं सावलीत बसू नये, जित्याची जागा अडते. आजवर हा नेम हसण्यावारी चालला होता. मेलेला माणूस भिंतीआडून खडे मारायचा, भुताचे आवाज काढायचा, तिसऱ्या दिवशी उकंडराव त्याला दुसरं सोंग देऊन जिवंत करायचा. महादेवराव उठला. गुडघ्याची माती झटकली. काडी त्यानं खिशात ठेवली, का कोण जाणे. आणि उन्हातून चालत इंजनघरात गेला. दुसऱ्या दिवसापासून तो डबा तिथंच खाऊ लागला. वर पत्रा, चहूकडे भिंती, खिडकी एक, तीही पश्चिमेला. त्या दिवसांत नांदुऱ्याला चिमण्या उडता उडता पडत होत्या. "बोलावू का बे त्याले?" शेषरावानं चौथ्या दिवशी विचारलं. उकंडरावानं शालिग्रामकडे पाहिलं. मारणाऱ्यानं म्हटल्याशिवाय मेलेला उठत नाही, हाही नेमच होता, त्याच क्षणी केलेला असेल कदाचित. शालिग्राम म्हणाला, "पाहू उद्या." पाचव्या दिवशीही पाहू उद्या. त्याला बरं वाटत होतं, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागत होती.

आठव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, इंजनघरातून दांडा वाजला. टण टण. शेषरावानं मान वर केली. "कोण वाजवते बे?" उकंडराव सवयीनं म्हणाला, "मेलेला असन." दोघंतिघं हसले. पुन्हा वाजलं. टण टण. मग बराच वेळ काही नाही. मग टण टण. "पत्रा हाय," शालिग्राम म्हणाला. "वारा सुटला. खेळ चालू द्या." निंबाचं पान हलत नव्हतं. साऱ्या जिनाला टोल्यांची रीत ठाऊक होती, पण हंगाम नव्हता, इंजन बंद होतं, दोन टोल्यांना तेव्हा काही अर्थ नव्हता असं बाकीच्यांना वाटू शकत होतं. त्यांना वाटू शकत होतं. शालिग्राम कवड्या हातात घेऊन बसला होता आणि ऐकत होता. सात वेळा. दर वेळी दोन. शेवटचे दोन इतके हलके, की कुणी नखानं वाजवावेत. त्यानं मोजले होते. चार वाजता पाणी भरणारा इंजनघरात गेला तेव्हा महादेवराव दांड्याला पाठ लावून बसला होता, तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवं अंग गेलेलं, डाव्या हातात पाना. डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यात गेलं. दोन तास आधी आणला असता तर काही करता आलं असतं.

त्यानं मोजले होते. महादेवरावाचेच शब्द. संग्रामपूरच्या बाजाराशी गाडी थांबली, माणसं उतरली, म्हातारीनं उतरताना चार बोरं त्याच्या पिशवीत टाकली, का कोण जाणे. शालिग्राम ओट्याकडे चालू लागला. ओट्यावर ऊन होतं, एक कुत्रं होतं, बसायला जागा होती. उत्तरेला सातपुडा निळा पडला होता. त्याच्या पोटात कुठं गारगड नाही हे इतक्या जवळून सरळ दिसत होतं. तो ओट्याशी उभा राहिला. मग त्यानं कुत्र्याला विचारावं तसं मोठ्यानं विचारलं, "फिटर महादेवरावाचं घर कोठी हाय?" आणि पानवाल्यानं दाखवलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि कडब्याची गंजी. अंगणात, भर उन्हात, बाज टाकलेली होती आणि बाजेवर महादेवराव होता. शालिग्रामच्या तोंडून पहिले शब्द गेले ते असे: "अवो, बाज सावलीत घ्या ना! उन्हात काऊन ठेवलं त्याले?" सोजराबाई चुलीपासून बाहेर आली. वाळून काडी झाली होती, पण पदर नीट होता. तिनं ओळखलं, आणि ओळखल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. पाहुणा आला, घरात काय आहे, एवढंच होतं. "हिवाळ्याचं ऊन हाय, भाऊजी. चांगलं असते म्हणते डॉक्टर. बसा, च्या टाकते. पाणी खारं हाय आमचं, सांगून ठेवते." ती आत गेली. महादेवरावाचे डोळे शालिग्रामवर होते. एक डोळा पूर्ण, एक अर्धा. ओळखीचे की नुसते उघडे, कळत नव्हतं. त्याच्या डाव्या हाताशी पितळी वाटी होती. ती त्यानं उचलली आणि बाजेच्या खुरावर वाजवली. टण टण. आणि थांबला. कान दिल्यासारखा थांबला.

शालिग्रामनं पिशवी खाली ठेवली. गंजीतली एक वाळकी काडी ओढली. पहिली मोडली, दुसरी ओढली. ती दातात धरली आणि बाजेपाशी गुडघे टेकून बसला. काडीला कडब्याची, उंदरांची, धुळीची चव होती. बोलायचं काय ते त्याला ठाऊक होतं, गाडीत पाठ झालं होतं, पण इथं सोंगाचं नाव नव्हतं, आणि आपल्या स्वतःच्या नावानं तोंड उघडायला त्याला जमेना. सोजराबाई कपबशी घेऊन आली आणि त्याला पाहून हसली. आठ महिन्यांत हसली नसेल, तसं हसायचं विसरल्यासारखं हसली. "भाऊजी, दातात काय अडकलं? अजून जेवले कोठी तुमी?" मग तिनं त्याचे डोळे पाहिले आणि कपबशी खाली ठेवली. बाजेवर पुन्हा टण टण झालं. "दिवसभर हेच," ती म्हणाली. "दोनदा वाजवतात, अन् वाट पाहतात. पाणी देल्लं, नाही. कूस बदलली, नाही. डॉक्टर म्हणे मेंदूची सवय हाय. कशाचं हाय हे, कोणाले समजत नाही. तुमी संग काम केलं. तुमाले ठाऊक हाय का?"

त्यानं काडी तोंडातून काढली. "ठाऊक हाय," तो म्हणाला. "हात अंदर हाय, थांब, असं म्हणते तो." आणि मग बाकीचं सांगितलं. रेच्यापासून निंबापर्यंत, कवड्यांपासून त्या दुपारच्या सात वेळांपर्यंत. गारगड सांगताना त्याला लाज वाटली. मोठ्या माणसांनी धुळीत काढलेला किल्ला या अंगणात केविलवाणा वाटला. पण तोही सांगितला, कारण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं. सोजराबाई मध्ये एकदाच बोलली. "तुमाले ऐकू आलं होतं?" "हाव." "सातही वेळा?" "हाव."

त्यानं वाट पाहिली. ती ओरडेल, भावकीला बोलावेल, कपातला चहा तोंडावर टाकेल, यातलं काहीही त्याला चाललं असतं. किंवा म्हणेल, जाऊ द्या भाऊजी, झालं ते झालं; तेही चाललं असतं, आणि अडीचची गाडी मिळाली असती. ती उठली, आत गेली, पेजेचं पातेलं आणि चमचा घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. उजव्या हातात. "त्यायच्या खिशात काडी होती," ती म्हणाली. "दवाखान्यात कपडे देल्ले तवा सापडली. मी म्हटलं दात कोरायची असन, फेकून देल्ली." मग म्हणाली, "आठ महिन्यांत मले या बाजेपासून उठून नदीवर लुगडं धुवाले जाता आलं नाही. पेज पाजा. सावकाश. घाई केली की ठसका लागते. सांजेला पुन्हा लागते त्यायले, अन् सकाळी." तिनं धुण्याचं गाठोडं काखेत मारलं. "आज मुक्कामाले या, उद्या जा, असं नाही म्हणून राह्यली मी," दाराशी वळून ती म्हणाली, "हे आता रोजचं हाय, ध्यानात घ्या," आणि गेली.

तीन बोटांत चमचा नीट बसत नव्हता. शालिग्रामनं तो पेजेत बुडवला, फुंकर घातली आणि महादेवरावाच्या तोंडाशी नेला. ओठ उघडले नाहीत. रस्त्यावर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. माणसं चढत होती, कुणी तरी कुणाला घाईनं हाका मारत होतं. महादेवरावानं वाटी उचलली. टण. टण.

रस्त्यावरही दोन घंट्या वाजल्या आणि गाडी निघाली.

शालिग्राम थांबला. चमचा तसाच हवेत धरून, हात भरून आला तरी, वरची पेज गार होऊन तिच्यावर साय धरली तरी, महादेवरावाच्या अर्ध्या डोळ्याकडे पाहत, तो थांबून राहिला.